नुसतं ‘हूं’ म्हणायचं

वच्छलाबाई समोर आलेल्या बाईच्या तोंडाकडे आधी बघत नसत. हाताकडे बघत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी माझा हात स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला आणि एकेक बोट सोडवून मूठ उघडली. आत बसचं तिकीट होतं. घामाने त्याचा पार गोळा झाला होता.

“बस तं कधीची गेली वं,” त्या म्हणाल्या. “तू अजून तिकीट धरूनच बसली?”

ओसरीवर बसलेल्या बायका हसल्या. मी पदर तोंडावर ओढला. त्यांनी ते तिकीट माझ्या देखत अंगणात टाकलं आणि मोकळ्या झालेल्या हातावर मूठभर फुटाणे ठेवले.

मी तिथे गेले होते टेन्शनसाठी.

त्याचं असं झालं. महाल भागात आमचं दोन खोल्यांचं घर. नळावर पाणी भरताना माझी छाती धडधडायची, हातांना मुंग्या यायच्या, आणि आता आपण मरतो असं वाटायचं. थोड्या वेळाने थांबायचं. मग मी पुन्हा घागर उचलायची. एकदा मात्र नळाखालीच बसून राहिले, उठताच येईना. तेव्हा ह्यांनी दुकानातून सुट्टी घेऊन मला धंतोलीत एका डॉक्टरांकडे नेलं. हे इतवारीत एका कापडाच्या दुकानात होते. डॉक्टरांनी छातीला तारा लावून कागद काढला, तो बघितला आणि म्हणाले, “हृदय ठणठणीत आहे. टेन्शन आहे तुम्हाला.”

मी चौथी शिकलेली. हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. ह्यांनीही नसावा, कारण घरी येताच त्यांनी खाटेवरच्या सासूबाईंना सांगितलं, “हिले टेन्शन निघालं.”

सासूबाई म्हणाल्या, “लागट असते काय गा ते?”

हे म्हणाले, “डॉक्टरले विचाराचं राहूनच गेलं.”

त्या दिवसापासून माझा पेला वेगळा झाला. मुलांनी त्यातून पाणी पिऊ नये म्हणून सासूबाई खाटेवरून लक्ष ठेवत. मलाही ते बरोबरच वाटलं. उलट मनातून थोडं बरं वाटलं, की चला, आपल्याला जे होतं त्याला नाव तरी आहे.

हे मी वच्छलाबाईंना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग हसणं थांबवून म्हणाल्या, “वेगळा पेला मले काही नवा नाही वं. आम्ही लहानपणी लय पाह्यला.” त्यांच्या घराने पुढे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा त्या नर्सिंग शिकत होत्या. त्या वेगळ्या पेल्याबद्दल त्या याहून जास्त कधी बोलल्या नाहीत.

त्या बुटक्या आणि सावळ्या होत्या. नोकरीतून निवृत्त झाल्या तरी पांढरं पातळ सुटलं नव्हतं, आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. धंतोलीतल्या त्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात त्या मदत करत, डॉक्टर त्यांना सिस्टर म्हणत. दवाखान्यात माझ्यासारख्या बायका फार येत. कोणाचं डोकं दुखे, कोणाला झोप नाही, कोणाची छाती भरून येई. तपासलं तर काही निघत नसे आणि त्या इंजेक्शन घेतल्याशिवाय उठत नसत. शेवटी डॉक्टर कंटाळून म्हणाले, “सिस्टर, यांच्याशी तुम्हीच बोला.” दर मंगळवारी दुपारी दवाखाना बंद असायचा, तेव्हा मागच्या ओसरीवर सतरंजी पडू लागली. मलाही डॉक्टरांनी तिथेच धाडलं.

पण वच्छलाबाई फारशा बोलायच्याच नाहीत. उमरेडकडच्या एका खेड्यात त्यांचे वडील शेतावर राखण करत आणि मुलांना गोष्टी सांगत. गोष्ट ऐकताना कोणीतरी ‘हूं’ म्हणत राहायचं, असा नेम. हुंकार थांबला की पोरं झोपली असं समजून वडील गोष्ट थांबवत. ओसरीवर वच्छलाबाईंनी तोच नेम लावला. एकीने आपलं सांगायचं. बाकीच्यांनी नुसतं हूं म्हणायचं. उपाय सांगायचा नाही, माझं तर याहून वाईट असं म्हणायचं नाही, आणि बोलणारीच्या आधी रडायचं नाही. इथलं इथंच ठेवायचं. फुटाणे त्याचसाठी असत.

“तोंडात फुटाणा असला म्हणजे बाईले सल्ला देता येत नाही,” त्या म्हणत. एखादी अगदीच राहवेना म्हणून “अवो, मी सांगू काय, तुम्ही असं करा—” म्हणू लागली, की वच्छलाबाई डबा तिच्यापुढे सरकवत. “घे, अजून घे.”

ऐकताना त्या भिंतीला टेकून डोळे मिटत. झोपल्या असं वाटे. पण हूं बरोबर जागेवर येई, कधी आखूड, कधी लांब. बोलणारीचा आवाज अडकला की त्या म्हणत, “श्वास सोड. घ्याचा कोणी विसरत नाही. सोडाचाच विसरते.” आणि तिचं सांगून झालं की एकच प्रश्न विचारत, “आता हे खरं कोणाले सांगाचं होतं?”

बाईने नवरा म्हटलं, सासू म्हटलं, मालकीण म्हटलं, की आमच्यातली कोणीतरी तो नवरा किंवा ती सासू व्हायची आणि पहिलीने तेच पुन्हा तिला सांगून बघायचं. एका झटक्यात जमत नसे. पुढच्या मंगळवारी पुन्हा, त्याच्या पुढच्या मंगळवारी पुन्हा. पुरुष व्हायला ताराबाई असायच्या. त्या भाजी विकत. आवाज दांडगा. पदराची टोपी करून, मांड्या फाकवून बसल्या की साक्षात कोणाचाही नवरा. “पाणी आण! काय म्हणून राहिली? मंग सांगजो!” बायका हसून लोळत. ज्या बाईची पाळी असे तीसुद्धा हसे, आणि हसता हसता तिचं वाक्य बाहेर पडे.

मी मात्र कितीतरी महिने नुसतं हूं म्हटलं. मला चार माणसांत बोलता येत नाही, लहानपणापासून नाही. वच्छलाबाईंनी कधी ओढून बोलवलं नाही. एकदा म्हणाल्या, “ही हूं लय चांगलं म्हणते. हिचं हूं आयकून सांगणारीले वाटते, की आपण खोटं नाही बोलून राहिलो.” एवढं कौतुक मला कोणी केलं नव्हतं. मी घरी जाऊन भाकरी थापता थापता ते आठवत राहिले.

माझं जे सांगायचं होतं ते तसं एकाच वाक्याचं होतं. सासूबाईंना लकवा झाला होता, उजवी बाजू गेली होती. त्यांना उठवणं, धुणं, भरवणं, रात्रीतून कूस बदलणं, सगळं माझ्याकडे. धाकटे दीर धरमपेठेत राहत. ते सरकारी कचेरीत होते, जाऊ शाळेत शिकवायची. रविवारी दोघं फळं घेऊन येत. दीर आईचा हात हातात घेऊन बसत आणि निघताना मला म्हणत, “वहिनी, तुम्ही आहे म्हणून आईचं सगळं होऊन राहिलं.” ते मनापासून म्हणत. मी आत जाऊन चहा ठेवायची.

डॉक्टर मला स्पष्ट म्हणाले होते, “असंच चाललं तर तुम्हीही पडाल, आणि मग घरात दोन खाटा टाकाव्या लागतील.” माझी मुलं लहान होती. ती दुसरी खाट मला डोळ्यांपुढे दिसायची. तरी ‘माझ्याने एकटीने होत नाही’ हे वाक्य तोंडातून निघत नव्हतं. आमच्या घरात ते कोणत्याच बाईने म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. माझ्या आईनेही नाही.

एका मंगळवारी बायका कमी होत्या, पाऊस होता. मी खाली बघून सगळं सांगितलं. हूं, हूं होत राहिलं. मग बाईंनी विचारलं, “कोणाले सांगाचं होतं?”

“दिरांना.”

ताराबाईंनी टोपी चढवली. “बोला वहिनी, काय म्हणता?”

“भाऊजी, आईंचं… मला जरा…”

“आईचं काय? मस्त होऊन राहिलं न आईचं! वहिनी, तुम्ही आहे म्हणून—”

मी दचकून वर बघितलं. हे वाक्य मी त्यांना सांगितलं नव्हतं. नंतर विचारलं तर ताराबाई म्हणाल्या, “अवो, सगळेच दीर हेच म्हणतात. त्याइले काय दुसरं येते?” पण त्या वेळी ते ऐकलं आणि माझ्या तोंडून निघालं, “चहा ठेवू का?”

ओसरी हसून फुटली. ताराबाईंची टोपी सुटली. मीही हसले, आणि हसता हसता रडू लागले. वच्छलाबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “ठेव. पुढच्या मंगळवारी पुन्हा ठेव. कधीतरी चहापत्ती संपन.”

मी आणखी बरेच मंगळवार चहा ठेवला.

मग एकदा सकाळी मी मोरीजवळ चक्कर येऊन पडले. डोक्याला खोक पडली, त्या मंगळवारी जाता आलं नाही. संध्याकाळच्या आत वच्छलाबाई पत्ता विचारत आमच्या घरी आल्या. कॅनव्हासचे बूट दाराबाहेर काढले आणि माझ्याकडे न येता सरळ सासूबाईंच्या खाटेजवळ स्टुलावर बसल्या.

“तुम्ही कोण?” सासूबाईंनी विचारलं.

“टेन्शनवाली नर्स.”

“मंग हिले बरं काहून नाही करत? पडली न सकाळी.”

“हूं,” वच्छलाबाई म्हणाल्या.

मी आत चहा ठेवला आणि भिंतीला कान लावून उभी राहिले. सासूबाईंनी माझी सगळी गाऱ्हाणी काढली. भाकर कडक करते, केस ओढून विंचरते, बोलत तर नाहीच, नुसती भुतासारखी येते न जाते. प्रत्येकावर हूं. मला वाटलं, बाईंनी निदान एकदा तरी नाही म्हणावं. पण नाही, हूं. हळूहळू गाऱ्हाणी संपली. मग सासूबाई वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, “सकाळपासून मी तिचे पाय आयकते, बाई. फट फट, फट फट. मले तहान लागते तं मी मागत नाही. आणखी एक डाव उठा लागन तिले.”

“हूं,” वच्छलाबाई म्हणाल्या. हे हूं लांब होतं.

चहा उतू गेला तेव्हा मी भानावर आले. उरलेला मी घरच्या कपांत ओतून नेला. सासूबाईंनी वच्छलाबाईंच्या हातातल्या कपाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. स्वतःचा कप डाव्या हाताने धरून त्यांनी फुर्रकन घोट घेतला.

मी बाईंना दारापर्यंत सोडायला गेले. त्यांनी माझी पट्टी बघितली, सवयीने मूठही बघितली. “सासू चांगली बोलते वं तुझी,” म्हणाल्या. “तू कधी बोलशीन?” ऐकलेल्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून सासूबाईंनी न मागताच मी खाटेजवळ पाण्याचा तांब्या ठेवू लागले, डाव्या हाताला येईल असा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या भागातून मारबती निघतात. बांबू-कागदाच्या या थोरल्या बाहुल्या. त्यांच्याबरोबर घरातली पीडा, रोगराई गावाबाहेर जाते म्हणून लोक ओरडून ओरडून एकेका रोगाचं नाव घेतात. मिरवणूक बघायला दीर-जाऊ दरवर्षी आमच्याकडे येत. सासूबाईंची खाट आम्ही खिडकीला लावली होती. गल्लीच्या तोंडाशी काळी मारबत दिसली, ढोल वाजू लागले, मुलं ओरडू लागली, “खोकला घेऊन जा गे मारबत! ताप घेऊन जा गे मारबत!”

तेवढ्यात सासूबाईंनी अर्ध्या तोंडाने, पण सगळा जोर लावून हाक दिली, “टेन्शन घेऊन जा गे मारबत!”

सगळे हसले. गल्लीतल्या पोरांनी ते उचललं आणि ओरडत पुढे गेली. माझी जाऊ डोळे पुसत म्हणाली, “आईंना हा शब्द कोणी शिकवला?”

ढोल लांब गेले. दीर अजून हसत होते. उठता उठता म्हणाले, “वहिनी, काही म्हणा, तुम्ही आहे म्हणून आईचं—”

मला ताराबाई दिसल्या, पदराच्या टोपीसकट. हसू आलं. आणि त्या हसण्यातच श्वास सुटला.

“भाऊजी,” मी म्हणाले, “माझ्याने एकटीने होत नाही.”

ह्यांनी खाली बघितलं. जावेने पर्स उचलली होती ती पुन्हा मांडीवर ठेवली. दीर तसेच अर्धे उठलेले. मला वाटलं, आता मी आत जाणार आणि चहा ठेवणार. पाय वळलेसुद्धा.

खाटेवरून आवाज आला, “हूं.”

सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्या पुन्हा म्हणाल्या, “हूं.” म्हणजे, पुढे सांग.

मी उभ्या उभ्या पुढचं सांगितलं.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं लिहिलं तर खोटं होईल. जाऊ महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. पण दिवाळीनंतर सासूबाई धरमपेठेत गेल्या, काही महिने राहून परत आल्या, पुन्हा गेल्या. दोन्ही घरी त्या दुसऱ्या घराची भाकर चांगली म्हणत. माझी धडधड कमी झाली, पूर्ण गेली नाही. थकवा तर राहिलाच, पण दुसरी खाट पडली नाही. माझा पेला कधी पुन्हा सगळ्यांच्या पेल्यांत आला ते कोणाच्या लक्षातही नाही. ओसरीवर हे सांगितलं तेव्हा ताराबाईंनी पदराची टोपी करून माझ्या पायावर डोकं टेकवलं आणि वच्छलाबाईंनी फुटाण्यांचा सगळा डबा माझ्या ओटीत उपडा केला.

मंगळवार पुढे बरीच वर्षं चालले. सासूबाई गेल्या. मुलं मोठी झाली. मग वच्छलाबाईंचं पोट दुखू लागलं. नर्स असून त्यांनी ते अंगावर काढलं. त्या धंतोलीतच एका हॉस्पिटलात होत्या, मी दुपारी भेटायला गेले. इतक्या बारीक झाल्या होत्या की पांघरुणाखाली कोणी आहे असं वाटेना. त्यांचा हात पांघरुणावर होता. मूठ घट्ट मिटलेली. मी स्टुलावर बसले, तो हात मांडीवर घेतला आणि एकेक बोट सोडवलं. आत काही नव्हतं.

“मी लय आयकलं वं,” त्या म्हणाल्या. “थकली.”

सांगावंसं वाटत होतं, की बाई, तुम्ही आम्हाला वाचवलं. बोलू नका, आराम करा. सगळं तोंडाशी आलं होतं. जवळ फुटाणे नव्हते. मी म्हणाले, “हूं.”

त्या बोलू लागल्या. बरंच काही बोलल्या, आणि ते इथे लिहायचं नाही, कारण इथलं इथंच असा नेम आहे. एवढंच लिहिते, की त्या म्हणाल्या, “घरी कोणी नव्हतं न. मंगळवारी तुमचं सगळ्यांचं घेऊन जात होती, न मायं कोणाले सांगू? स्टोव्ह पेटवला की त्याले सांगत होती. तो तरी फर्र करून हूं म्हणे.”

मध्येच मला हुंदका आला, तो मी गिळला आणि माझा हुंकार चुकला. त्या लगेच थांबल्या. डोळे मिटलेलेच होते.

“झोपली काय वं?” त्यांनी विचारलं.

“नाही बाई,” मी म्हणाले. “हूं.”

मग त्यांनी पुढचं सांगितलं.

त्या आठवड्यातच त्या गेल्या. त्यांचा भाचा गावाहून आला होता. बायकांना म्हणाला, मावशीची आठवण म्हणून ज्याला जे पाहिजे ते न्या. ताराबाईंनी फुटाण्यांचा डबा घेतला. मी सगळ्यांच्या मागे उभी होते. मी म्हणाले, “स्टोव्ह मला द्या.” माझा आवाज मोठाच निघाला असावा, कारण सगळ्या वळून बघू लागल्या.

आता आमच्याकडे गॅस आहे. मुलगा म्हणतो, हे जुनं धूड कशाला ठेवलं. दुपारी घरात कोणी नसतं तेव्हा मी तो पेटवते. आधी पिन मारावी लागते, मग पंप. मग तो फर्र करून बोलायला लागतो. बाईंनी त्याला काय काय सांगितलं असेल कोण जाणे. मी पाटावर बसते, हात मांडीवर उघडे ठेवते, आणि चहाला उकळी येईपर्यंत मधून मधून हूं म्हणते.